फुईच्या अंगणात जगभरचे पाव्हणे

मेल आला तेव्हा मी मेहरूण तलावाच्या काठावर भेळ खात होते. वाचून एवढ्या जोरात ओरडले की भेळवाल्याने घाबरून विचारलं, "ताई, मिरची लागली का?"

मिरची नव्हती हो! भाषावेड्या लोकांचा एक जागतिक मेळा भरतो, यंदा तो ऑनलाइन होता, आणि त्यातलं 'घरची भाषा' नावाचं अर्ध्या तासाचं सत्र मला मिळालं होतं. अट एकच. ती भाषा रोज बोलणारं माणूस स्वतःच्या घरात बसून बोलणार आणि देशोदेशीचे लोक ऐकून ऐकून चार वाक्यं शिकणार. मी उत्साहाच्या भरात अर्जात 'अहिराणी' लिहून मोकळी झाले होते.

आता खरं सांगते, मला अहिराणी समजते सगळी, बोलता येत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, साक्रीकडचं गाव सोडून नोकरीसाठी जळगावला आले, आणि घरात 'नीट बोला'चा दंडक सुरू झाला. मी एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवते, मोबाईलवर स्पॅनिश शिकलेय, पोलिशमध्ये पण लुडबुड करते. अहिराणीत साधं पाणी मागायचं म्हटलं तरी जीभ अडखळते.

भाषा आहे ती फुईकडे. फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे असंच म्हणतात. पण तिथेही एक गोम आहे. आबांशी फोनवर तिची तासभर अहिराणी चालते, आणि फोन माझ्या हातात आला की लगेच, "सुजाता, कशी आहेस? अभ्यास, नोकरी, सर्व ठीक ना?" लहानपणापासून असंच. गावी गेले की मला कपबशीत चहा, नवी चादर आणि पुस्तकातलं मराठी. बाकीच्या भाचरांना ती हक्काने शिव्या घालते, मला एकदाही नाही. मला ते फार लागतं. तेव्हा या सत्राचा माझा आनंद निम्मा मेळ्याचा होता आणि निम्मा याचा, की जगाच्या निमित्ताने का होईना, फुई माझ्या शेजारी बसून अहिराणीत बोलेल.

शुक्रवारी सकाळी निघाले. जळगावहून थेट साक्रीची गाडी मिळाली तर उत्तम, नाहीतर धुळ्याला बदलायची. एसटीत बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास खिशाला जाणवतही नाही. रस्ता चौपदरी झाल्यापासून एरंडोल, पारोळा कधी मागे पडतं कळत नाही, फक्त उन्हाळ्यात जात असाल तर सकाळीच निघा आणि सावलीची बाजू धरा. मी धरली नव्हती. पारोळ्यापर्यंत माझा डावा गाल भाजून निघाला.

पारोळ्याला एक बाई टोपली घेऊन चढली. माझ्या पुढच्या सीटवर पसरलेल्या बाईला म्हणाली, "सरक ना व, बठ्ठी सीट तुनीच शे का?" सगळी सीट स्वतःचीच असल्यासारखी ती जागची हलली नाही. मग टोपलीवालीची नजर माझ्याकडे, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेकडे गेली, आणि आवाज एकदम मऊ झाला. "मॅडम, जरा सरकता का?"

मी सरकले आणि मनात हसले. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं, पण नाही झाले.

धुळ्याच्या स्टँडबाहेर शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, वरचा तर्रीचा थर ते मायेने जास्तच देतात. पुढे कुसुंबा, नेर करत साक्री. त्या दिवशी आठवडे बाजार होता, त्यामुळे गावाकडे जाणाऱ्या काळीपिवळीत मी, दोन कोंबड्या, आणि कांद्याची गोणी असे चौघे मागच्या बाकावर. डोंगर जवळ यायला लागले तशी मी फुईचं घर दिसतंय का म्हणून मान बाहेर काढून बघायला लागले.

फुईने दारातच भाकरतुकडा ओवाळला. "ये सुजाता. प्रवास सुखाचा झाला ना?" कपबशी तयारच होती. फुवा, म्हणजे फुईचे यजमान, खाटेवरून म्हणाले, "तुझी फुई आठ दिवसांपासून सराव करते आहे." मी खुश! कसला सराव, ते विचारायचं मात्र राहिलं.

शनिवारी दुपारचं सत्र. (मोबाईलचं नेटवर्क गावात फक्त अंगणात नीट येतं, कुणी असा बेत करणार असाल तर आधी फिरून बघा.) मी सकाळपासून कामाला लागले. ओट्यावर खुर्ची मांडली, मागे भिंतीला फुलांची चादर लावली, फुईला ठेवणीतली साडी नेसायला लावली. दहा वेळा बजावलं, "फुई, फार मोठे पाव्हणे आहेत गं. पोलंडचे, ब्राझीलचे, जपानचे." फुईने पदर सावरला. तिच्या कपाळावर घाम होता.

पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. किती ते चेहरे! कुठे पाऊस, कुठे रात्र, कुठे मांडीवर मांजर. मारेक नावाचा दाढीवाला पोलिश गडी सूत्रं सांभाळत होता. त्याने "आता अहिराणी!" असं जाहीर केलं, आणि साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या.

फुईने हात जोडले.

"नमस्कार. आमच्या घरी आपणा सर्वांचे सहर्ष स्वागत आहे. आपण इतक्या दुरून आलात, आम्हांस अत्यंत आनंद झाला."

चौकटी उत्साहाने म्हणू लागल्या, "सहर्ष सागत आहे." मी फुईच्या कोपराला हळूच ढोसलं. "फुई, अहिराणी."

ती तोंड न हलवता कुजबुजली, "पाव्हण्यांसमोर तसं बोलतात का? काय म्हणतील?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाव्हण्यांना चांगला कप, चांगली चादर, चांगली भाषा. पाव्हणे पाव्हणे म्हणून मीच तर सकाळपासून तिच्या कानीकपाळी ओरडत होते. खुर्चीत बसवून, साडी नेसवून, मी फुईला तिच्याच घरात परकी करून ठेवलं होतं. ती मात्र कार्यक्रमाच्या निवेदकासारखी बोलत राहिली, मिनिटं पळत राहिली. मी रडायच्या बेताला आले होते.

तेवढ्यात गॅलिसियाच्या लुसियाचा मेसेज आला, स्पॅनिशमध्ये. स्पेनच्या त्या कोपऱ्यात लोकांची स्वतःची वेगळी भाषा आहे. तिने लिहिलं होतं: "माझी आई डॉक्टरसमोर असंच बोलते. ही तिची घरची भाषा नाही ना? विचार तिला, आज चुलीवर काय आहे."

मी विचारलं. फुई म्हणाली, "खापरावरची पुरणपोळी करायची आहे. पण..." आणि तिचा चेहरा एकदम पडला. "सुजाता, हे लोक उपाशीच जाणार?"

घरी आलेलं माणूस न जेवता जाणार, ही कल्पनाच तिला सोसेना. ती खुर्चीतून उठली, पदर खोचला आणि अंगणातल्या चुलीकडे चालू लागली. खायला नाही तर नाही, निदान पाहून तरी जातील! मी मोबाईल घेऊन मागे धावले, फुवांनी जाळ केला.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या खान्देशात या पोळीला मांडा म्हणतात. पोळपाट नाही की लाटणं नाही. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत फुई वाढवत नेते, मनगटावरून कोपरापर्यंत पसरवते आणि पालथ्या मातीच्या खापरावर अलगद सोडते. तिकडे चौकटींमध्ये नुसता "ओऽऽ" झाला. मारेकने भांडी पुसायचा टॉवेल उचलला आणि तो हातावर फिरवायला लागला. त्याचं बघून दुसरा, तिसरा. लुसियाने तर पावाचं मळलेलं खरं पीठच आणलं.

फुई त्यांच्याकडे बघत राहिली. मारेक टॉवेल बोटांनी ताणत होता.

"आरे बाप्पा! तसं नही रे भाऊ! बोटे काबरं खुपसी ऱ्हायना? मनगटवर ले, मनगटवर!"

मी मोबाईल घट्ट धरला. काम करणारा माणूस पाव्हणा नसतो, त्याला ओरडलं तरी चालतं, आणि फुई आता सगळ्या जगाला ओरडत होती.

"मनगटवर ले!" सगळे एका सुरात.

"हा, आसं! त्या मांजरवालीनी बेस करं. मांजरले खाले उतार पन, पीठमा केस जातीन!"

लुसियाचं पीठ मधोमध फाटलं. तिने ओशाळून भोक दाखवलं. फुई मनापासून हसली.

"फाटनी ना? जाऊ दे. पहिली फाटसच. दुसरी ले."

पहिली फाटतेच, दुसरी घे, असं मी भाषांतर केलं, आणि त्यांनी ते वाक्य असं काही उचललं की सत्र संपलं तरी जपान, ब्राझील, पोलंड एकमेकांना "पहिली फाटसच, दुसरी ले" म्हणत निरोप घेत होते. मारेक म्हणाला, अर्धा तास फारच कमी पडला. मी नाचायचीच बाकी होते. फुवा खाटेवर बसून म्हणाले, "आते तुनी फुई परदेसमा गयी." माझ्याशी अहिराणीत बोललो हे लक्षात येऊन जरा दचकले, आणि मग राहू दे म्हणून हसले.

आमरसात बुडवून दोन मांडे खाल्ले. तिसऱ्याला हात आखडला. मी ताटावरून उठून नेहमीसारखी चादरीवर टेकले, तर चुलीजवळून आवाज आला.

"उठ व सुजे! भांडा कोन घासी? तुना फुवा?"

आजवर त्या घरात मला कुणी कपसुद्धा विसळू दिला नव्हता. मी राखेने सगळी भांडी घासली, चुलीवरच्या काळ्या भांड्यासकट, आणि घासताना डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

रविवारी परत. येताना धुळ्यापर्यंत उभ्यानेच आले, कारण सुट्टी संपवून परतणाऱ्यांची गर्दी. आबांसाठी मांडे फडक्यात गुंडाळून दिले होते, ते मात्र मांडीवर घेऊन एका आजोबांनी तोवर सांभाळले.

घरी आल्यावर मात्र धास्ती वाटायला लागली. चुलीपुढे, जाळाच्या भरात बोलली फुई. उद्या फोनवर पुन्हा "सुजाता, प्रवास सुखाचा झाला ना?" असं म्हणाली तर? तसं झालं असतं तर तो जागतिक मेळा, त्या टाळ्या, सगळं माझ्यापुरतं फुकट होतं. मी पोचल्याचा फोनच केला नाही. नुसती मोबाईलकडे बघत बसले.

शेवटी तिचाच आला.

"पोचनी का व? फोन कराले तुना हात दुखस का?"

मग सगळा धीर गोळा करून मी आयुष्यातलं पहिलं अहिराणी वाक्य बोलले. आईशप्पथ, काय बोलले मलाच माहीत नाही. निम्मं मराठी, थोडं स्पॅनिशसुद्धा असेल. मागे आबा पोट धरून हसले.

मला वाटलं, आता फुईकडून येणार ते पुस्तकातलं मराठी.

"फाटनी," ती म्हणाली. "जाऊ दे. पहिली फाटसच. दुसरी ले."