जोडे बाहेर
विड्याचं पान चुरगळलं की त्या तिखट वासानं मला सातपुड्याच्या पायथ्याचा आमचा पानमळा आणि एक दुपार आठवते. बाबा ओल्या, गार सावलीत वेल बांधत होते. थोरले भाऊजी नव्या गाडीतून उतरले आणि बांधावरूनच म्हणाले, "मामा, हे सगळं उपटा, लग्नाचं लॉन काढा. बसून खाल." "बसून काऊन खाऊ, जावईबापू? हात शाबूत हायेत माहे. आत या, पण जोडे बाहेर काढा." मळ्यात अनवाणीच शिरायची आमची रीत. भाऊजींनी चिखल पाहिला, आपले चकचकीत बूट पाहिले आणि ते बांधावरच थांबले. बाबा गुणगुणत पुढच्या वेलीकडे वळले. आता वेली मी बांधतो. लॉनवाले अजून येतात. मी मान वर न करताच सांगतो, "जोडे बाहेर!"