लंगोट उकळणारी तालीम

प्रकाशा गावात तापीच्या काठावर चुडामण पाटलांची तालीम होती. गुजर घरातला हा माणूस. केळी, ऊस, कापूस असं चांगलं शेत होतं, पण जीव सगळा तांबड्या मातीच्या हौदात अडकलेला. गावात त्यांना कुणी पाटील म्हणत नसे, वस्तादच म्हणत. कुस्ती संपली की प्रत्येक पोराची मालीश ते स्वतः करत. तेलाची वाटी मांडीशी घेऊन बसायचे, मधूनमधून तपकिरीची चिमूट ओढायचे आणि एकेकाची पाठ मळत गप्पा मारायचे. पोरांना कुस्तीइतकीच त्या गप्पांची ओढ असे.

सन अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात वस्तादांचा लाडका पठ्ठ्या हिलाल याच्या मांडीवर गळू आलं. त्या काळात पेनिसिलीनच्या सुईवर लोकांची देवासारखी श्रद्धा होती. हिलालने बाजाराच्या दिवशी एका कंपाउंडरकडून सुई टोचून घेतली. ठणका थांबला, म्हणून पुढच्या सुया घेतल्या नाहीत. गळू बसलं आणि थोड्या दिवसांनी दुसऱ्या मांडीवर उठलं. मग कुणाच्या काखेत, कुणाच्या मानेवर. सगळे तेच करत: एक सुई, जरा बरं वाटलं की पुन्हा हौदात. दिवाळीपर्यंत निम्मी तालीम पट्ट्या बांधून लंगडत होती.

एके सकाळी हिलाल तापाने फणफणला. मांडी दगडासारखी कडक झाली होती. वस्तादांनी गाडी जुंपली आणि त्याला शहाद्याला मोघे डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी गळू कापून पू काढला, थोडा मुंबईला तपासायला धाडला. पेनिसिलीन सोडून दुसरं औषध दिलं आणि बजावलं, "बरं वाटलं तरी शेवटची गोळी संपेपर्यंत सोडायचं नाही."

हिलाल बसून भाकरी खाऊ लागला तोवर मुंबईहून तपासणीचा कागद आला. बाईंनी वस्तादांना समोर बसवलं.

"वस्ताद, या जंतूंवर पेनिसिलीन चालत नाही."

"म्हंजे त्या सुईना पेच शिकी गयात?"

बाई हसल्या. "शिकले नाहीत. लाखांत एखाददुसरा आधीपासूनच चिवट असतो. सुया उठसूट घेतल्या, अर्धवट सोडल्या की कच्चे तेवढे मरतात आणि सगळी जागा चिवटाला मोकळी मिळते. मग पुढची सगळी पिलावळ त्याचीच."

वस्तादांना हे लगेच पटलं. "पन हाई एकथीन दुसराले लागस कसं?" त्यांनी विचारलं.

ते बघायला बाई स्वतः प्रकाशाला आल्या. हौदाच्या कडेला फळीवर बसून त्यांनी सगळी कुस्ती पाहिली, मग मालीश पाहिली. वस्तादांची बोटं तपकिरीच्या डबीत, तिथून नाकात, तिथून तेलाच्या वाटीत आणि तिथून पोरांच्या पाठीवर जात होती. शेवटी एकच पंचा सगळ्यांचं अंग पुसत हातोहात फिरला. बाईंनी वस्तादांसकट प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवली आणि त्या काड्या तपासायला घेऊन गेल्या.

पुढच्या खेपेला त्यांनी वस्तादांना बाजूला घेतलं. "हिलालच्या गळवात जे जंतू होते, तेच तुमच्या नाकात मुक्कामाला आहेत. पुष्कळांच्या नाकात असतात, त्यांना त्रास होत नाही. यात तुमचा काही दोष नाही. पण तुमचा हात रोज पोरांच्या अंगावर फिरतो, तेवढा मालीशीआधी साबणाने धुवत जा."

वस्ताद त्या दिवशी जेवायला आत गेले नाहीत. ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसले. बायको भिकुबाई ताट घेऊन बाहेर आली.

"मन्हा हातथीन पोरेसले दुख लागनं," ते म्हणाले.

"बाईनी तुमले नाक कापाले सांगं नही," भिकुबाई म्हणाली. "हात धवाले सांगं. उठा, भाकर खाई ल्या."

वस्ताद हसले आणि उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या पोरांना जमवून आपल्या नाकाची गोष्ट सरळ सांगून टाकली. पोरं खो खो हसत सुटली. तपकिरीची डबी त्यांनी पोरांदेखत तापीत भिरकावली. मग नवे नियम घातले: मालीशीआधी साबणाने हात धुवायचे. कुस्तीनंतर प्रत्येकाने साबण लावून अंघोळ करायची. गळू कुणी पिळायचं नाही. शेकायचं, झाकायचं आणि पुरतं सुकेपर्यंत हौदात उतरायचं नाही. हौदातली वरची माती काढून नवी भरली. भिकुबाईने प्रत्येकाच्या पंच्याला वेगळ्या रंगाचा दोरा भरून दिला आणि गुळाची एक जुनी कढई चुलाणावर चढवली. तीत लंगोट उकळू लागले. रस्त्याने जाणारे विचारत, "काय वयनी, यंदा लंगोटना गूळ का?" ती म्हणे, "चाखाले या."

गळवं एकदम थांबली नाहीत. एखादं उठे, पण ते त्याच्यापाशीच राही. हळूहळू पट्ट्या दिसेनाशा झाल्या आणि हिलाल पुन्हा दंड थोपटू लागला.

यात्रेच्या दंगलीत त्याची कुस्ती खापर गावच्या करमसिंगशी ठरली होती. आखाड्याभोवतीचा बांध माणसांनी फुलून गेला. हलगी कडकडत होती. दोघे सलामीला उभे राहिले आणि वस्ताद मध्ये आले. करमसिंगच्या मानेवर हळदीच्या लेपाखाली ताजं गळू होतं.

"ही कुस्ती आज व्हवाव नही," वस्ताद म्हणाले.

लोक खवळले. कुणी म्हणालं, वस्ताद घाबरला. करमसिंगचं तोंड उतरलं. एवढ्या लांबून तो याच कुस्तीसाठी आला होता. वस्तादांनी त्याच्या खांद्यावर पंचा टाकला आणि म्हणाले, "तू मन्हा घर चाल. बरा व्हय, मंग दोन्ही जन लढा."

करमसिंग त्यांच्या ओसरीवर राहिला. मोघेबाईंनी गळू कापलं. भिकुबाईने त्याला दूध, तूप, केळी खाऊ घालून असा पोसला की हिलाल कुरकुरू लागला. जखम पुरती भरल्यावर दोघे एकाच हौदात सराव करू लागले, आपापला पंचा खुंटीला टांगून.

चैत्रात कुस्ती लागली. यात्रेपेक्षा जास्त माणूस लोटला. मोघेबाई दवाखाना बंद करून आल्या. बराच वेळ झुंज झाली आणि करमसिंगने हिलालला चितपट केलं. वस्तादांनी आपल्या डोक्याचा फेटा काढून करमसिंगला बांधला.

"वस्ताद, तुमना पठ्ठ्या हारना," मागून कुणीतरी म्हणालं.

"दोन्ही मन्हाज पोरे शेतस," वस्ताद म्हणाले.

मातीत पडलेला हिलाल उठला, हसत अंग झटकलं, आणि करमसिंगला खांद्यावर घेऊन नाचत निघाला. त्याच्यामागे हलगीवाले आणि सगळं गाव.