शेडातल्या बाटल्या

आमच्या दिंडोरीकडं द्राक्षबागेत फवारून उरलेलं औषध कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायची सवयच हाय, सगळेच ठेवतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या पोरानं त्यातलीच एक तोंडाला लावली आन तो गेला. मी तवा नवी नवरी व्हते. तो ज्या शेडात प्याला, त्याच शेडात मी माझं एन्झाइम ठेवलं. तिथं एकटी गेले का अजून मला मागं कुणीतरी उभं वाटतं.

एन्झाइम म्हणजे लय मोठं काय नाय. मोसंबीच्या साली, गूळ आन पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत आंबत ठेवायचं. शेतीखात्याच्या मॅडमनी गावात येऊन शिकवलं. आत गॅस धरतो, म्हणून रोज झाकण ढिलं करायचं, नायतर बाटली फुटते. पाण्यात मिसळून वेलीच्या मुळाशी सोडलं, माती भुसभुशीत झाली, गांडुळं दिसायला लागली, आमच्या मालकांनी विषारी फवारे कमी केले. मला वाटलं, आता भीती जाईल. पण बाटल्या कुठल्या वापरल्या मी? कोल्ड्रिंकच्याच. घरात त्याच पडल्या व्हत्या.

रोज सकाळी झाकण फिरवलं का फुस्स व्हायचं आन कडेवरची लेक खिदळायची. एक दिवस छाटणीच्या गडबडीत मी मजुरांना चहा देत व्हते, वळून बघते तर लेक नाय. पळत शेडाकडं गेले. ती दारातच बसलेली, मांडीत बाटली, झाकण बाजूला, तोंड वलं, फ्रॉकवर ओघळ. माझ्याकडं बघून हसली.

बाटली माझी असंल, पण औषधाच्या जुन्या सगळ्या फेकल्या का नाय हेच आठवंना. रंग तसाच, बाटली तशीच. मी लेकीला उचललं आन पदरानं तिचं तोंड पुसलं.

जाऊबाई माझ्या मागनं पळत आल्या. पोरगा गेल्यापासून त्या शेडाच्या वाटंला पण जात नव्हत्या. त्यांनी बाटली घेतली, हुंगली, आन मी हात धरायच्या आत घोट घेऊन गिळला.

"गूळ हाय," त्या म्हणल्या. "आंबलेला. तुझंच हाय."

"ताई, गुळाचा वास आला व्हता ना, मग कशाला प्यायल्या?"

त्या खाली बसल्या. "त्याचं पण तोंड हुंगलं व्हतं मी. औषधाचा वास नाय आला, म्हणून झोपू दिलं."

तरी लेकीला बाटलीसकट दवाखान्यात नेलं. जुलाब झाले, बाकी काय नाय. आता सगळं पांढऱ्या ड्रममध्ये असतं, शेडाला कुलूप हाय. किल्ली जाऊबाईंनी मागून घेतली. सकाळी झाकण ढिलं करायला त्याच जातात, बोट बुडवतात, चाखतात. आत दुसरं काय नाय हे मी कितीदा सांगितलं. त्या ऐकत नायत. मी लेकीला पोटाशी धरून चुलीपाशी बसते, त्या बाहेर येईपर्यंत.