दिनकरचा विलायती बाजा आणि आमची कचेरी

कचेरीतले किस्से सांगायला बसलं की एकातून दुसरा निघतो, चहा गार होतो. पोलिस ॲक्शननंतर आमच्या फायली उर्दूतून मराठीत आल्या, साहेब बदलले, पण संशय घ्यायची सवय जशीच्या तशी राहिली! त्यात मी सगळ्यांच्या पुढं.

हैदराबादेहून बदलून आलेला दिनकर पहिल्याच दिवशी टाय लावून हजर. शेजारच्या टेबलावरचे काझीसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "क्या जी, दफ्तर आए की बारात में?"

*

दिनकरची खोली उस्मानपुऱ्यात. एका शनिवारी संध्याकाळी काझीसाहेब आणि मी तिकडून चाललो होतो, तर आतून कुणीतरी हुंदके देतंय!  दार ठोठावलं. बघतो तर ग्रामोफोनवर जाझची तबकडी, आणि सॅक्सोफोन नावाचा बाजा गळा काढतोय.

काझीसाहेब म्हणाले, "इत्ता रोरा तो इसकी शादी करा देओ!"

*

आमचे हेडक्लार्क या संगीताला 'थेरं' म्हणायचे. गॅदरिंगला दिनकरनं तीच तबकडी लावली आणि हेडक्लार्कांचा पाय टेबलाखाली ठेक्यात हलायला लागला. सगळ्यांनी पाहिलं.

"मुंग्या आल्यात!" ते गुरकावले. गाणं संपलं, मुंग्याही गेल्या.

*

लग्नाची थट्टा मी घरी सांगितली आणि आईनं ती मनावर घेतली. माझी धाकटी बहीण कुसुम लग्नाची होती ना! मला मात्र पटेना. असल्या माणसाच्या घरी बहीण द्यायची? मी गुपचूप दिनकरच्या घरमालकिणीला गाठलं. "खोलीवर बाई-बिई येते का हो?"

"नाय बा, एकलाच असतो," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "पण नाचताना हात असे धरतो, जसं कुणी समोर हाये!"

त्या रात्री मला झोप नाही.

*

मुलगी बघायला हैदराबादेहून आलेल्या दिनकरच्या आईचे गुडघे धरलेले, म्हणून मुलगी बघण्याचा कार्यक्रम त्याच्याच खोलीवर ठरला. मोडायला काहीतरी निमित्त सापडेल, या आशेनं मीही गेलो. आमची आई टेकायला गेली आणि सतरंजी सरकली. खाली फरशीवर पांढऱ्या रंगानं काढलेली पावलं! नाचाची पावलं घोटायला दिनकरनं ती रंगवली होती, हे माझ्या लगेच लक्षात आलं. आईच्या नाही.

"अगं बाई, लक्ष्मीची पावलं काढलीत व्हय!" आई हरखली. मग वाकून बघायला लागली. "पण लक्ष्मी घरात यायची सोडून मागं का सरकली?"

दिनकर लालबुंद. मी मनात म्हटलं, मोडलं! सुटलो!

कुसुम चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. खाली न बघताच म्हणाली,

"मागं नाय गं सरकत, आई. दोन पावलं मागं जाऊन डावीकडं वळायचं असतंय."