मामांची पेन्सिल

माझे सासरे शरणबसप्पा, म्हणजे आमचे मामा, उमरगा-अक्कलकोट गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी कानावरची पेन्सिल काही उतरली नाही. पुस्तक हाती घेतलं की प्रत्येक पानाच्या तळाशी बरोबरची खूण, आणि लेखकानं थाप मारली असेल तिथं गोल. मुरूमच्या वाचनालयानं त्यांना दोनदा हात जोडले, मग नाद सोडला.

अशा माणसाच्या हाती मी माझा पहिला कथासंग्रह दिला. मी तुळजापूरच्या मास्तरांची मुलगी, लग्न होऊन कानडी बोलणाऱ्या घरात आले. चुलीपाशी कानडी, बाजारात मराठी, शेजारी दखनी, याच्याच साऱ्या गोष्टी. त्यातली एक अत्तींची, म्हणजे सासूबाई चन्नम्मांची. हळदीकुंकवाला कोपऱ्यात गप्प बसणारी, मराठी वाचता न येणारी बाई. नाव बदललं होतं, पण त्यांच्या हातच्या कडक भाकरीवरून कुणीही ओळखलं असतं. अत्तींना मी विचारलं नव्हतं. त्या थोड्याच वाचणार होत्या?

भीती मामांची होती. घरातलं वेशीवर टांगलंस म्हणाले तर? चार दिवस ते ओट्यावर वाचत बसले आणि इकडे माझ्या आमटीत दोनदा मीठ पडलं.

पाचव्या दिवशी पुस्तक परत आलं. पानोपानी बरोबरच्या खुणा. एका गाडीची वेळ चुकली होती, तिथं गोल. अत्तींच्या गोष्टीतही एकच गोल होता, थरथरत्या हाताचा, 'तिला मराठी वाचता येत नव्हतं' या वाक्याभोवती.

"हा तुमचा हात नाही, मामा."

"न्हाय. पुस्तक माज्या आधी तिनं वाचलं."

मग सगळं कळलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मामांनी भाड्याचा जुना तक्ता घरी आणला आणि त्यावरच्या एकेका गावावर बोट ठेवत बायकोला मराठी वाचायला शिकवलं. पहिलं गाव आलूर. तेव्हापासून अत्ती पहाटे पेपर वाचून, घडी घालून ठेवतात. सहा वर्षं मी घडी घातलेलाच पेपर उचलत आले, आणि एकदाही विचारलं नाही. मला लाज वाटली. आणि खरं सांगते, फार आनंदही झाला. माझ्या पहिल्या वाचक अत्ती होत्या.

चुलीपाशी जाऊन माफी मागितली. त्या भाकरी थापत होत्या.

"चारचौघीत गप बसते, ते बराबर लिवलंस," त्या चक्क मराठीत म्हणाल्या. "बाकीचं मला इचार. लई हाय सांगायला."

आणि त्यांनी पायानंच पाट माझ्याकडं सरकवला.