दुपारची पाळी

गल्लीत तिला सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंज बंद पडून बावीस वर्षं झाली, तिथे आता गाद्यांचं दुकान आहे, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डावर तिने एकतीस वर्षं काढली होती. तिथे बायकांना नावं नव्हती, नंबर होते. तिचा सत्तावीस. तक्रार करायची तर 'सत्तावीस नंबर उद्धट बोलल्या' अशी करायची, आणि तशा बऱ्याच आल्या. बोटं चपळ, जीभ त्याहून चपळ. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "दुपारची पाळी होती. वेळ झाला नाही."

बोर्डाचे दोनच नियम तिने आयुष्यभर मानले. पहिला, लाइन जोडून दिली की आपण बाजूला व्हायचं, दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही. दुसरा, पाळी घेणारी येऊन रजिस्टरात सही करत नाही तोवर खुर्ची सोडायची नाही. मग घरी कुणी आजारी असो, नाहीतर छत गळत असो.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी तिच्या हातून चहाचं पातेलं जळून कोळसा झालं. पातेल्याचं काही नाही, पातेली जळतात. वाईट एवढंच झालं, की धूर निघत असताना भाची दारात उभी होती.

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. हॉस्पिटलात एक्स-रे काढते, त्यामुळे माणसाकडे बघायची ते आरपार बघायची. ताई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून मावशीला ही आणि हिला मावशी.

"मावशी, पुरे झालं. आता तू माझ्याकडे यायचं."

"तुझ्याकडे खोल्या दोन. एकीत तू, दुसरीत तुझी कपडे वाळत घालायची दोरी. मी काय दोरीवर बसू?"

"मग कॅमेरा लावते. कामावरून तुझ्यावर लक्ष ठेवीन."

"मी काय तान्हं बाळ आहे की सोनाराचं दुकान?"

तासभर दोघींचं वाजलं. शेवटी ठरलं ते असं: घरात इंटरनेट घ्यायचं, रोज संध्याकाळी टॅबवर भाचीला तोंड दाखवायचं. कॅमेरा आणला होता तो खोक्यातच कपाटावर राहील. तीन महिन्यांत काही घोटाळा झाला नाही तर घर बाईचं. झाला, तर एक शब्द न बोलता सामान बांधायचं.

कंपनीचा माणूस आला, वायर दारापर्यंत आणली, एक पांढरी डबी हातात ठेवली आणि "बाकी सोपं आहे आजी" म्हणून गेला. बाईला ते आवडलं. सोपी गोष्ट दुसऱ्याकडून कशाला करून घ्यायची? चष्मा लावून तिने माहितीपुस्तक तीनदा वाचलं. डबी आधी फ्रिजवर ठेवली, तर मागच्या खोलीत टॅब मख्ख. मग पुस्तकांच्या कपाटावर, तर स्वयंपाकघर गप्प. हातात टॅब धरून, सिग्नलच्या पट्ट्या मोजत, ती तीन दिवस स्वतःच्या घरात परक्यासारखी फिरली. एकीकडे एक पट्टी, दोन पावलं सरकलं की तीन. ज्या घरात डोळे मिटून चालता येत होतं, त्या घराच्या कुठल्या कोपऱ्यात काय पोचत नाही हे तिला पहिल्यांदाच कळलं. अखेर डबी बोळातल्या स्टुलावर बसली आणि सगळीकडे पोचली. नेटवर्कला नाव दिलं 'ट्रंक बोर्ड'. त्या संध्याकाळी टॅबवर भाची दिसली तेव्हा बाईने घसा साफ केला आणि म्हटलं, "बोला, नंबर?" दोघी हसल्या.

एक्स्चेंजमध्ये प्रत्येक कॉलचं तिकीट फाडायचं असे: कुणाकडून, कुणाला, किती वाजता, किती मिनिटं. बाईने इथेही वही सुरू केली. डबीबरोबर फोनवर एक ॲप आलं होतं, त्यात नेटवर्कवर कोण आलं, कोण गेलं, याची यादी दिसे. रोज संध्याकाळी ती यादी बाई वहीत उतरवी. यंत्रं चार: आपला फोन, टॅब, टीव्ही, आणि रविवारी भाचीचा फोन. तीन महिन्यांच्या शर्तीला पुरावा असलेला बरा.

सातव्या आठवड्यात यादीत पाचवं यंत्र आलं.

त्याला नाव नव्हतं. नुसती आकड्यांची आणि अक्षरांची माळ. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आलं, तीन सोळाला गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन दहा, तीन पंधरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ही तिच्या वामकुक्षीची वेळ. चौथ्या दिवशी ती खुर्चीत फोन घेऊन जागत बसली. डोळा लागलाच. उठून बघते तर तीन दहा, तीन सोळा. पाचव्या दिवशी दाताच्या डॉक्टरकडे जावं लागलं. त्या दिवशी पाचवं यंत्र आलं नाही. सहाव्या दिवशी नळवाला दुपारभर बाथरूममध्ये ठोकाठोक करत होता, बाई त्याच्या डोक्यावर उभी. यंत्र आलं नाही.

"म्हणजे बघतंय," ती स्वतःशीच म्हणाली. "मी जागी असले की येत नाही."

 पण घाबरून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक लाइनला दोन टोकं असतात, एक आपल्याकडे, दुसरं बाहेर कुठेतरी. तिने बाहेरचं टोक शोधायला घेतलं आणि तडक वरच्या मजल्यावर गेली. तिथे शिकवण्या घेणारा मास्तर राहायचा.

"माझं इंटरनेट वापरता का हो तुम्ही?"

"नाही आजी. माझं मला आहे. तुमच्यापेक्षा वेगवान आहे."

"कुणाचं वेगवान ते विचारलं नाही. तीन वाजून दहा मिनिटांनी कुठे असता?"

"क्लासमध्ये. चाळीस पोरांसमोर." मास्तरला हसू आलं, मग ते विझलं. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. पायांकडेही बघितलं. बाईच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात सपात. "आजी, बसता का जरा? तुमच्या भाचीचा नंबर आहे माझ्याकडे. करू का फोन?"

"तिला कशाला? ती रोज हाडं बघते, तेवढं पुरे तिला." बाई फणकाऱ्याने वळली. जिन्यात मात्र कठडा घट्ट धरून उतरली.

"पासवर्ड बदलून टाका!" मास्तर वरून ओरडला.

ते बरोबर होतं. तिने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी तीन दहाला पाचवं यंत्र हजर. पुन्हा बदलला. पुन्हा हजर. असा महिना गेला. मग तिने खिडक्या लावल्या, शब्दकोश मांडीवर घेतला, डोळे मिटून दोनदा बोट ठेवलं, आले ते दोन शब्द जोडले आणि पुढे जुन्या बोर्डाचा एक आकडा लावला. कुठे लिहिला नाही. तोंडाने उच्चारला नाही. तो पासवर्ड जगात एकाच माणसाला माहीत होता.

तीन दहा. तीन सोळा.

बाई बोळात डबीसमोर उभी राहिली. हिरवे दिवे लुकलुकत होते, बोर्डावर लुकलुकायचे तसेच. रविवारी तीन महिने भरत होते. भाचीला सांगावं, तर ती म्हणणार मावशीला भास होतात, बांधा सामान. न सांगावं, तर घरात रोज सहा मिनिटं कोणीतरी आहे, आणि त्याला तिच्या डोक्यातलंही कळतंय.

बुधवारी सकाळी तिने स्टूल ओढलं आणि कपाटावरून कॅमेऱ्याचं खोकं काढलं. ज्या वस्तूसाठी तासभर भांडली, ती स्वतःच्या हाताने झोपायच्या खोलीत आरशावर बसवली. नेटवर्कला सहावं यंत्र जोडलं गेलं. मग दुपारी दार आतून लावलं, पलंगावर आडवी झाली आणि डोळे मिटले.

चार वाजता उठली. चहा केला, शेगडी बंद केली, बंद झाली का ते दोनदा पाहिलं. मग फोन हातात घेऊन चित्रण लावलं.

पलंगावर एक म्हातारी झोपलेली. बराच वेळ काहीच नाही. तीन वाजून आठ मिनिटांनी म्हातारी उठून बसली. पाठ ताठ. बाईची पाठ दहा वर्षांत एवढी ताठ झाली नव्हती. केस चापून बसवले, पदर खोचला, शिलाई मशीनसमोर जाऊन बसली. मशीनचा खालचा खण उघडून एक फोन काढला. तडकलेल्या काचेचा. बाईचाच जुना फोन, भाचीने 'टाकून दे' म्हणून सांगितलेला. म्हातारीने न अडखळता पासवर्ड टाकला. फोन कानाला लावला. दुसऱ्या हाताने काहीतरी लिहायला घेतलं.

"बोला, नंबर?" आवाज तरणा, खणखणीत. "थांबा. जोडून देते."

बाईने कप खाली ठेवला आणि फोन डोळ्यांजवळ धरला.

पलीकडे रिंग वाजत राहिली असावी. म्हातारी थांबली होती, थांबायची सवय असलेल्या माणसासारखी. मग तिने मान वर केली. कुणी चोरून ऐकायला लागलं की लाइनवरचा आवाज पातळ होतो. ऑपरेटरला ते कानात कळतं. म्हातारीला कळलं. तिने सावकाश आरशाकडे तोंड वळवलं आणि सरळ बाईच्या डोळ्यांत बघितलं.

"कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "लाइन सोडा."

बाईने फोन उशीखाली कोंबला.

अंधार पडायच्या आत तिने धीर केला आणि मशीनचा खण उघडला. फोन होता, चार्जर होता, आणि त्यांच्याखाली एक्स्चेंजचं जुनं कोरं रजिस्टर. आता ते कोरं नव्हतं. अक्षर तिचंच, पण न थरथरणाऱ्या हाताचं, तीस वर्षांपूर्वीचं.

'दुपारची पाळी घेतली, २७. ताई. लागत नाही. पुन्हा प्रयत्न.'

पानंच्या पानं तेवढंच. ताई. लागत नाही. पुन्हा प्रयत्न. प्रत्येक ओळीच्या शेवटी 'पाळी घेणार' हा रकाना रिकामा. रोज ती बाई पाळीवर येत होती आणि रोज सुटका करायला कुणी येत नव्हतं. मागच्या गुरुवारची ओळ तेवढी वेगळी होती.

'ताई. लागला. सहा मिनिटं.'

चित्रण पुसायला एक बोट पुरलं असतं. रजिस्टर बंबात गेलं असतं, फोन विहिरीत. रविवारी भाचीसमोर चारच यंत्रांची वही ठेवली असती, आणि घर राहिलं असतं. बाई रात्र होईपर्यंत याचाच विचार करत बसली. मग तिला तो रिकामा रकाना आठवला. खुर्चीत कुणाला तसं ताटकळत ठेवणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं, आता तर ती खुर्चीतली तीच होती. तिने भाचीला फोन लावला.

"रविवारी दुपारी ये. तीनच्या आत. जेवून ये, माझ्या स्वयंपाकाचा भरवसा नाही."

"मावशी, काय झालं?"

"पाचवं यंत्र सापडलं."

रविवारी भाचीने चित्रण उभ्यानेच पाहिलं. मग खाली बसली. रजिस्टर उघडलं आणि गुरुवारच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आईचा नंबर मी स्वतः बंद केला होता," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिला असेल कंपनीने. कुणीतरी उचलला असेल."

"असेल."

"काय बोललीस तू सहा मिनिटं?"

"मी कशाला बोलू? ऑपरेटर बोलत नाही. जोडून देते." बाईने पलंगावर अंग टाकलं. "आता ऐक. तीन वाजून आठला मी उठेन. मला हाक मारू नकोस, हलवू नकोस. ती नंबर विचारेल. काय सांगायचं ते तू ठरव. आणि नंतर त्या रकान्यात सही कर. मग सामान बांधायचं तर बांध, मी हूं की चूं करणार नाही."

"मावशी, मला भीती वाटते गं."

"मला नाही वाटत होय?" बाई म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड केलं.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलं होतं. भाची मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती, फोन दोन्ही हातांत धरून. डोळे लाल, पण चेहरा धुतल्यासारखा. आरशावर कॅमेरा नव्हता. तो खोक्यात होता, आणि खोकं पिशवीत.

बाईने काही विचारलं नाही. विचारायचं नसतं. तिने हात लांबवून रजिस्टर ओढलं. तेच ताठ अक्षर.

'भाची ते ताई. जोडून दिलं. एकोणीस मिनिटं.'

आणि पुढे, सात आठवडे रिकाम्या राहिलेल्या त्या रकान्यात, भाचीची वाकडीतिकडी सही.

"मंगळवारी डॉक्टरकडे जायचंय," भाची म्हणाली. आवाज बसला होता. "शेगडी मी आपोआप बंद होणारी आणते. आणि दुपारी कुणीतरी हवं तुझ्याजवळ. मी सकाळची ड्युटी मागून घेते. अडीचपर्यंत पोचेन."

"रोज?"

"रोज." ती उठली, चहा ठेवायला निघाली आणि दारात थांबली. "तीनच्या आत पोचायलाच हवं, मावशी. बोलणं अर्धं राहिलंय, तिने उद्याची वेळ दिली आहे."

"कुणी?" बाईने विचारलं.

भाची स्वयंपाकघरात गेली होती. बोळात डबीचे हिरवे दिवे लुकलुकत होते. शेगडी पेटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने बंद केल्याचाही.