आत्याबाईंच्या चालीनं

वेणूवहिनी चाळिशीची, धडधाकट बाई. डोक्यावर संत्र्यांची टोपली घेऊन बागेतून झपाझप येणारी. पण सौंसरच्या आमच्या गल्लीत दिवेलागणीच्या जरा आधी ती म्हातारी व्हायची. पाठीत वाकायची, पदर डोळ्यांवर ओढायची आणि मेलेल्या सासूची काठी टेकत, पाय घासत मारुतीच्या पारापर्यंत जाऊन यायची. मी नवी शेजारीण, शाळेत शिकवणारी, भूतखेत न मानणारी. तरी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातला चहा तसाच राहिला होता. वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. अजूनही संध्याकाळी कुठे काठी वाजली की माझं बोलणं अर्ध्यावर थांबतं.

"सासू अंगात येते तिच्या," बायका सांगायच्या. सासू, म्हणजे आत्याबाई, त्याच गल्लीत नालीच्या फुटक्या फरशीवरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, अंथरूण धरलं, ते सुटलंच नाही. त्याआधी रोज संध्याकाळी दोघं नवराबायको जोडीनं पारावर जात. त्या गेल्या आणि सासऱ्यांनी, मामाजींनी, उंबरठा ओलांडणंच सोडलं. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यात ती धास्ती. दिवसभर खाटेवर बसून दाराकडे तोंड. हात धरून न्यायला गेलं की हात झटकायचे. माणूस घरातल्या घरात वाळत चालला होता आणि वहिनीला तेच बघवत नव्हतं. त्यांनी पुन्हा आपल्या पायांनी पारावर जावं, एवढाच तिचा ध्यास.

म्हणून तिनं हे काढलं. "रस्ता म्हाताऱ्याच्या पायानं पाहा लागते, बाई," ती मला म्हणायची. "जवान माणूस खड्डा वलांडून जाते, त्याले तो दिसतच नाही." पदरातून मोतीबिंदूसारखंच धुरकट दिसतं म्हणे. जिथे ठेच लागे तिथे थांबून ती त्या घरच्या माणसाला हाक मारी. "भाऊजी, तुमच्या बंडीचा धुरा माह्या पोटात गेला! आत घ्या ना तिले!" अंगात आलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? बैलबंड्या अंगणात गेल्या, नालीवर धड फरश्या बसल्या, पायऱ्यांच्या कडांना चुना लागला. एकीनं तर घाबरून तिची ओटी भरली, नारळ दिला. वहिनीनं त्याची चटणी केली आणि मलाही वाढली.

अडलं ते एका संत्रा-व्यापाऱ्यापाशी. शेठनं स्कूटर चढवायला ओट्यापुढे सिमेंटचा असा उतार काढला होता की चालणाऱ्यानं नालीतूनच जावं.

"घूम के जाओ ना, बाई," तो म्हणाला.

"शेठजी, तुमची माय कुठून जाते मंदिरात?"

"वो तो जाती ही नहीं."

"काहून नाही जात? इचारलं काय कधी?"

शेठ आत गेला. मायलेकांत काय बोलणं झालं ठाऊक नाही. पण उतार फुटला आणि त्याची आई पारावर दिसू लागली. "पैर तो अच्छे ही थे मेरे," भेटेल त्याला सांगायची.

गल्ली सुधारली. म्हातारेकोतारे येऊ-जाऊ लागले, एक मामाजी सोडून. "मामाजी, रस्ता झाला. चला," वहिनी म्हणे. "कडुनिंबापाशी अजून उंचसखल असन. पाहून ये," ते म्हणत. ती काठी घेऊन निघे. मग विहिरीपाशी, मग आणखी कुठे. मला वाटायचं, म्हातारा नुसता खोडसाळ आहे.

एकदा संध्याकाळी मी त्यांच्यापाशी बसले होते. बाहेर काठी वाजायला लागली. मामाजींनी टोपी सारखी केली. खाटेच्या मध्यावरून सरकून एका अंगाला झाले, शेजारी जागा केली. काठी दाराशी आली, थांबली. वहिनी आत आली, तर ते तिच्या मागे पाहत राहिले, बराच वेळ.

मी वहिनीला हे सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. "मले मालूम आहे."

"आत्याबाई खरंच येतात का हो अंगात?" मी, शाळेत शिकवणारी, विचारून बसले.

"येत असत्या तं मी काहून सोंग केलं असतं? येत नाही म्हणून तं चालून राहिली." मग तिचा हात थांबला. "काठी ठेवून देईन तं मामाजीचा जीव जाईन. नाही ठेवली तं ते अशीच वाट पाहत घरातच बसून मरतीन. तुम्हीच सांगा बाई, काय करू मी?"

मी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. ती पुन्हा थापायला लागली.

थंडीच्या तोंडाशी वहिनीला हिवतापानं धरलं. दुपारपासून गोधडीखाली कुडकुडत होती. त्या संध्याकाळी काठी कोपऱ्यातून हललीच नाही. मी काढा घेऊन गेले, तर मामाजींची खाट रिकामी. आम्ही दोघी धावत सुटलो, ती तापातच, गोधडी लपेटून.

मामाजी पारावर बसले होते. एकटे. अंगावर साधं खरचटलेलंही नाही. अख्खी गल्ली ते आपल्या पायांनी चालून आले होते. वहिनीचं तोंड असं उजळलं की तापबीप सगळं विसरली. "मामाजी, आले तुम्ही! कसा आहे रस्ता?"

"बेस केला पोरी तू रस्ता. कुठीच ठेच नाही लागली." मग ते आमच्या मागे, रिकाम्या गल्लीकडे डोळे बारीक करून बघत राहिले. "मंग तुही सासू काहून नाही येऊन राहिली?"